छत्तीस बादल्या आणि वडिलांची काठी

मी, क्राइन डोंकरस्लोट, वय चोवीस वर्षे सात महिने, धंदा गाळ काढणाऱ्या बोटींवरील फिटर, राहणार स्लीद्रेख्त, बांधाखालची आळी, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाही व्यक्तीच्या दडपणाखाली न येता करून ठेवत आहे. दडपण आहे, पण ते समुद्राचे आहे. समुद्र कायद्याने व्यक्ती ठरत नाही, असे नोटरीसाहेबांना विचारून घेतले आहे.

माझी प्रकृती उत्तम आहे. काल आणि आज सकाळी नाडी मोजली, दोन्ही वेळा अठ्ठ्याहत्तर भरली. आमच्या डॉक्टरांच्या मते मी सत्तरी सहज गाठेन. आमच्या इंजिनियरसाहेबांच्या आराखड्याप्रमाणे मी साधारण फ्रान्सलगतच्या वादळी बिस्केच्या उपसागरापर्यंत जगेन. दोघेही शिकलेले आहेत, म्हणून दोन्ही शक्यता धरून लिहितो.

येत्या शनिवारी, १७ तारखेला, ‘माथिल्डा’ ही नवी गाळ काढणारी बोट आमच्या गोदीतून निघून, ओढबोटीच्या मागे दोराने बांधून, दक्षिण अमेरिकेत प्लाटा नदीच्या मुखाशी न्यायची आहे. तिच्यावर आम्ही नऊ जण असू. अशी बोट निघायची असली की आदल्या मंगळवारी नोटरीसाहेब गोदीच्या कचेरीत येऊन बसतात आणि आम्ही रांगेने आत जाऊन मृत्युपत्रे करतो. साक्षीला एका खुर्चीवर गोदीचे इंजिनियर आणि दुसऱ्या खुर्चीवर ओढबोटीचे कप्तान असतात. बहुतेकांचे मृत्युपत्र तीन ओळींचे असते: सगळे बायकोला, बायको नसेल तर आईला, खाली सही. माझे जरा लांबले आहे. नोटरीसाहेबांनी ते पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने वाचलेच पाहिजे आणि तोवर साक्षीदारांनी खुर्ची सोडायची नाही, असा कायदा आहे. मी दोनदा खात्री करून घेतली आहे. तेव्हा साक्षीदारांनी कृपया नीट टेकून बसावे.

कलम पहिले. बांधाखालच्या घरातील माझा अर्धा हिस्सा आणि बचत बँकेत जे काही असेल ते माझी आई नेल्त्ये हिला. आमच्या घराची पुढची खोली फक्त पाद्री आले किंवा प्रेत ठेवायचे असले तरच उघडली जाते. माझे प्रेत येण्याचा संभव नाही, म्हणून आईने ती खोली आता रोजच्या वापरात घ्यावी. तिथे ऊन चांगले येते आणि तिचे गुडघे दुखतात. पाद्रींना स्वयंपाकघरात बसवले तरी चालेल.

कलम दुसरे. माझे खिशातले घड्याळ, सेकंदकाट्यासह, माइके हिला. माइके बेकरीत कामाला आहे आणि येत्या मे महिन्यात आमचे लग्न ठरले आहे. मृत्युपत्र लिहितोय असे मी तिला सांगितले, तेव्हा ती पिठाचे हात कमरेवर ठेवून म्हणाली, “लग्नाचं विचारायला तुला दोन वर्षं लागली, आणि मरणाची तयारी दोन दिवसांत? वा रे नवरदेव!” मी म्हणालो, लग्नाची तारीख आपल्या हातात होती. त्यावर तिने माझ्या अंगावर मनुकांचा एक अख्खा पाव फेकला. पाव ताजा होता. मी तो घरी नेऊन खाल्ला. घड्याळ दिवसाला चार सेकंद मागे पडते, तेवढे रोज सकाळी पुढे करावे. शनिवारी मी ते तिच्याकडे ठेवूनच जाणार आहे, कारण त्याने जे मोजायचे होते ते मोजून झाले आहे. काय मोजले ते सहाव्या कलमात येईल.

कलम तिसरे. माझे मामा आरी यांना मी काहीही ठेवत नाही. याचा अर्थ प्रेम नाही असा कोणी काढू नये. मामा बादल्यांच्या साखळीचे मुकादम आहेत, याच बोटीवर माझ्याबरोबर असणार आहेत, आणि ज्या कारणाने मी मरेन त्याच कारणाने तेही माझ्यानंतर अर्ध्या तासाने मरतील, कारण त्यांना पोहता येते. मामांनी आजच, माझ्या आधी, त्यांचे मृत्युपत्र केले. त्यात सगळे माझ्या नावावर ठेवले आहे. मी त्यांना यातली अडचण दाखवली. ते म्हणाले, “असू दे रे भाच्या. कागदावर तरी आपल्या घरात कुणीतरी श्रीमंत होऊ दे.”

कलम चौथे. हे कलम कोणाला काही देण्यासाठी नाही, पुढची कलमे समजावीत म्हणून आहे. माइकेला आमच्या धंद्यातले फारसे कळत नाही आणि कागद तिच्या हातात जाणार आहे.

माथिल्डा ही सपाट तळाची बोट आहे. तिच्या मधोमध लांब फट आहे आणि फटीतून एक लोखंडी शिडी तिरकी पाण्यात सोडता येते. शिडीवरून छत्तीस लोखंडी बादल्यांची साखळी रहाटगाडग्यासारखी फिरते, नदीचा तळ खरवडते आणि वर आणून ओतते. एक रिकामी बादली सहाशे किलोची आहे. काम चालू असताना हे वजन बरेचसे खाली असते. समुद्रावर ओढत न्यायची वेळ आली की आम्ही एकेक बादली सोडवून बोटीच्या पोटात तळाशी रचतो, शिडी आडवी करून बांधतो आणि मगच दोर लावतो. मामांनी असे सात प्रवास केले, सातही वेळा बादल्या पोटात होत्या आणि सातही वेळा मामा घरी आले. या कामाला इथे बारा दिवस लागतात आणि तिकडे पोहोचल्यावर परत चढवायला बारा. हे चोवीस दिवस आमचे मालक, श्रीयुत ब्लोकपूल यांना फार वर्षे बोचत होते.

सुदैवाने मालकांना जावई मिळाले. श्रीयुत एडेलबर्ट फान हेमर्ट हे डेल्फ्टला शिकलेले इंजिनियर आहेत, आणि माथिल्डा हे त्यांच्या पत्नीचेच नाव आहे. त्यांनी आल्या वर्षीच ‘समुद्रचाप’ शोधून काढला. शोध असा: बादल्या काढायच्याच नाहीत. शिडी वर उचलायची, साखळी तिला चापांनी घट्ट आवळायची आणि तशीच बोट समुद्रावर न्यायची. चोवीस दिवस वाचतात. शोध म्हणून मला तो मान्य आहे. काम न करण्याचा शोध आमच्या गोदीत पूर्वीही अनेकांनी लावला होता, पण त्याचा आराखडा प्रथमच निघाला.

चाप मजबूत आहेत. मीच ते बसवले. कसलेही वादळ येवो, बादल्या शिडीवरून हलणार नाहीत. बोट उलटली तरी हलणार नाहीत. समुद्राच्या तळाशीसुद्धा त्या जागच्या जागी सापडतील. माझी चिंता फक्त एवढीच आहे की एकवीस टन लोखंड आमच्या पायाखाली असण्याऐवजी आमच्या डोक्यावर असेल.

कलम पाचवे. माझ्या वडिलांची काठी. लांबी साडेपाच मीटर, टोकाला लोखंडी कडे, कड्याला जाळीची पिशवी. वडिलांनी एकतीस वर्षे होडीत उभे राहून या काठीने नदीचा तळ उपसला. वाफेची यंत्रे आली तेव्हा लोक त्यांना हसले. ते म्हणत, “हसा. यंत्राला तळ लागतो, पण तळ कसला ते कळत नाही. काठी हाताशी बोलते. वाळू असली की कुरकुरते, चिकणमाती असली की हात सोडत नाही, आणि गाळ असला की गप्प बसते.” ते छातीच्या दुखण्याने अंथरुणातच वारले. आमच्या घराण्यात असा मान आजवर एकट्या त्यांनाच मिळाला आहे.

या काठीने मला जे कळले ते असे. २९ सप्टेंबरला गोदीत माथिल्डाची चाचणी झाली. बादल्या वर होत्या, चाप आवळलेले होते. साठ माणसांना डाव्या कडेला उभे केले. मध्ये टांगलेला ओळंबा केसभरही हलला नाही. उजव्या कडेला उभे केले, तरी हलला नाही. मालकांनी सर्वांना जिनचा एकेक पेला दिला, छायाचित्र निघाले, आणि इंजिनियरसाहेबांनी दाखला लिहिला: ‘साठ माणसांच्या भाराने बोट किंचितही कलली नाही.’ दाखल्यातला शब्दन् शब्द खरा आहे. आमचे चर्चही साठ माणसांनी कलत नाही. पण चर्च आम्ही समुद्रावर नेत नाही.

रिकाम्या बोटीवर मांजर चालले तरी ओळंबा थोडा हलतो. तो मुळीच हलला नाही याची मला रुखरुख लागली. दुसऱ्या दिवशी त्याच ओहोटीला मी वडिलांची काठी घेऊन गेलो आणि बोटीच्या कडेने खाली सोडली. माथिल्डाचा तळ पाण्याखाली दोन मीटरवर आहे. काठी पावणेदोन मीटरवरच गप्प झाली. चारी बाजूंनी बारा ठिकाणी पाहिले. सगळीकडे गप्प. बोट तरंगत नव्हतीच. ती वीतभर गाळात बसली होती.

मी टोपी काढून इंजिनियरसाहेबांकडे गेलो. झालेले बोलणे मी त्याच दिवशी उतरवून ठेवले आहे.

“साहेब, चाचणीच्या वेळी बोट गाळात बसली होती.”

“गाळात? आपल्या गोदीत?” साहेब हसले. “अरे, निम्म्या जगाचा गाळ आपण काढतो!”

“म्हणूनच इथला राहून गेला असेल, साहेब.”

“हे तुला कोणी सांगितलं?”

“काठीने.”

“काठीने,” साहेब म्हणाले. “छान. आणि उद्या झाडू काय सांगतो तेही येऊन सांग.”

त्यांच्या बोलण्यावर कचेरीतले सगळे हसले. मीही थोडा हसलो, कारण टोपी हातात होती आणि दुसरे काय करावे ते सुचेना.

ही काठी इंजिनियरसाहेबांच्याच नावे ठेवावी अशी माझी मनापासून इच्छा होती. पण मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्यातले काहीही मिळू शकत नाही, असे नोटरीसाहेबांनी सांगितले. कायद्यापुढे माझा नाइलाज आहे. काठी आईला. तिने कपडे वाळत घालायला वापरावी.

कलम सहावे. आता घड्याळाविषयी. ८ ऑक्टोबरला माथिल्डाला कोळसा भरण्यासाठी नदीच्या मध्यावर, खोल पाण्यात नेले. आम्ही नऊ जण तिच्यावर होतो. कोळशाची होडी यायला उशीर होता. मी मामांना सांगितले आणि मामांनी सगळ्यांना हाक दिली. मी मध्ये घड्याळ धरून उभा राहिलो. बाकीचे आठ जण एका कडेकडून दुसऱ्या कडेला, परत पहिल्या कडेला, असे एका तालात धावले, म्हणजे बोट डोलू लागते. मग ते थांबले आणि मी मोजले. इंजिनियरसाहेब बांधावरून पाहत होते. त्यांनी ओरडून विचारले, “प्यायला आहात की काय रे?” मामा ओरडले, “नाही साहेब, माथिल्डाबाईंना नाचवतोय!” साहेबांना ते आवडले नाही. पत्नीचे नाव बोटीला दिल्यावर असे होणारच.

एका बाजूला झुकून, दुसरीकडे जाऊन परत यायला माथिल्डाला चौदा सेकंद लागले. दहा वेळा मोजले. दोन वर्षांपूर्वी याच मापाची, पण बादल्या पोटात ठेवलेली बोट मी अशीच मोजली होती. तिला सात सेकंद लागले होते. जी बोट लगेच परत येते तिला परत यायचे असते. जी सावकाश येते ती परत यावे की नाही याचा विचार करत असते. खोल समुद्रात, एका लाटेवर झुकलेली असताना दुसरी लाट आली, तर माथिल्डाचा विचार पक्का होईल.

हा आकडाही मी साहेबांना कळवला. ते म्हणाले, “संथ डोलते, म्हणजे आरामशीर आहे. तुम्हा लोकांना मळमळणार नाही.” खरे आहे. बुडालेल्या माणसाला मळमळल्याचे मी कधी ऐकलेले नाही.

मग तू जातोस कशाला, असे माइकेने विचारले. उत्तर इथे लिहून ठेवतो. मी नाव मागे घेतले तर माझ्या जागी पर्यायी यादीतला पहिला माणूस जाईल. तो आमच्या आळीत शेवटच्या घरात राहतो आणि त्याला तीन मुली आहेत. शिवाय मामा जाणारच आहेत. त्यांना त्या बोटीवर सोडून मी इथे बांधावर उभा राहून हात हलवू शकत नाही. मला ते जमणार नाही, एवढेच.

कलम सातवे. हत्यारे, वह्या आणि एक कबुली. माझा हातोडा, दोन कानशी, मापाचा कंपास आणि चार वह्या माइकेकडे ठेवाव्यात. तिसऱ्या वहीत पान अकरापासून बादल्यांच्या खिळीचा आराखडा आहे. मी अकराव्या वर्षी शाळा सोडली, त्यामुळे रेषा थोड्या जाड आल्या आहेत, पण मापे बरोबर आहेत.

प्रत्येक बादली साखळीला दोन खिळींनी जोडलेली असते. जुन्या खिळीची दोन्ही टोके ठोकून चपटी करत असत. ती काढायची म्हणजे तापवा, छिन्नीने कापा, घणाने हाणा. बारा दिवस यातच जातात. माझी खीळ एका टोकाला निमुळती आहे आणि दुसऱ्या टोकाला आरपार भोक पाडून त्यात पाचर बसवली आहे. चालताना पाचर आपोआप घट्ट होत जाते. काढताना उलट बाजूने चार घाव घातले की पाचर बाहेर आणि खीळ हातात. छत्तीस बादल्या तीन दिवसांत उतरतात. मार्च महिन्यात मी हे सगळे सुवाच्य लिहून कचेरीत दिले. उत्तर आले: ‘सूचना पाहिली. व्यवहार्य नाही.’ व्यवहार्य हा शब्द चुकीचा लिहिला होता. मी तो पेन्सिलीने दुरुस्त करून कागद जपून ठेवला आहे. माझी मूळ सूचना याच कचेरीत, नोटरीसाहेबांच्या पाठीमागच्या कपाटात, वरून तिसऱ्या कप्प्यात असावी.

आता कबुली. एप्रिल ते जुलै या काळात, जेवणाच्या सुट्टीत, गोदीच्या भंगारातील जुन्या आसांपासून मी अशा बहात्तर खिळी बनवल्या. माथिल्डाची साखळी जोडताना एका मुकादमाने त्याच खिळी बसवल्या. मुकादमाचे नाव मी सांगणार नाही. बोटीवर मुकादम एकच आहे. इंजिनियरसाहेबांच्या हे लक्षात आले नाही, कारण साखळीची तपासणी त्यांनी आराखड्यावर केली. गोदीच्या भंगाराचा हा अपहार मी मान्य करतो. शिक्षा होणार असेल तर ती शनिवारच्या आत व्हावी. तुरुंग डोलत नाही.

कलम आठवे. माथिल्डावरील माझी झोपण्याची जागा, डावीकडची, खालची, गवताच्या गादीसह, मी इंजिनियरसाहेबांना देऊ इच्छितो. समुद्रचापाचे काम प्रत्यक्ष पाहण्यासाठी याहून सोयीची जागा नाही. इथेही साक्षीदाराची अडचण येते. पण ही देणगी मृत्यूनंतरची नाही, शनिवारची आहे, म्हणून चालेल असे मला वाटते. नोटरीसाहेबांनी ठरवावे.

कलम नववे. बोट बुडाल्यास काय करावे. चर्चमध्ये प्रार्थना करावी, पण समुद्राच्या क्रोधावर प्रवचन नको. समुद्राने नेहमीचेच काम केलेले असेल. नंतर लोकांना कॉफी आणि मनुकांचा पाव द्यावा, माइकेच्या बेकरीतला. गोदीकडून फुलांचे चक्र आल्यास आईने ते घेऊ नये. नम्रपणे परत करावे आणि दार लावून घ्यावे. नावांची पाटी बसवली तर तिच्यावर ‘देवाची इच्छा’ असे लिहू देऊ नये. देवाने पाणी केले, वारा केला, वजन खाली जाते असा नियम केला. बादल्या वर ठेवा असे तो कुठेही म्हणालेला नाही. आईने या बाबतीत पाद्रींशीसुद्धा भांडावे. तिला ते जमते.

कलम दहावे. ओढबोटीचे कप्तान वोल्फर्ट यांना माझ्याकडून द्यायला काही नाही. तेही साक्षीदार आहेत. त्यांची बोट कालच आली. त्यांनी माथिल्डाचा नवा रंग पाहिला आणि दाखला पाहिला. गाळ त्यांना दाखवलेला नाही. तोंडी सांगायला गेलो असतो तर तिसऱ्या वाक्याला मला कोणीतरी बाहेर काढले असते. म्हणून कप्तान, एवढे लांबलचक ऐकवावे लागले. माफ करा. आम्ही नऊ जण आहोत.

शनिवारी निघण्यापूर्वी छत्तीसही बादल्या बोटीच्या पोटात उतरल्या, तर चौथ्या, सहाव्या आणि आठव्या कलमातील कडवे बोलणे मी मागे घेतो. पहिली तीन कलमे कायम राहतील, कारण समुद्र तरीही समुद्रच आहे.

पुरवणी. त्याच दिवशी, त्याच कचेरीत, वाचन संपल्यावर लिहिली.

नोटरीसाहेबांच्या सांगण्यावरून जे घडले ते इथे नोंदवतो, कारण त्याने मृत्युपत्र बदलते.

पाचव्या कलमाला इंजिनियरसाहेब उठले. नोटरीसाहेब कागदावरून नजर न काढता म्हणाले, “बसा, साहेब. वाचन व्हायचंय.” ते बसले. सातव्या कलमाला त्यांनी मान वर करून कपाटाकडे पाहिले. बाहेर रांगेतला आवाज तोवर थांबला होता. दार उघडेच होते.

शेवटचा शब्द वाचून झाल्यावर कप्तान वोल्फर्टनी पाइप पेटवला आणि विचारले, “साहेब, चाचणी झाली तेव्हा ओहोटी होती का?”

“दाखल्यात ते लिहिण्याची गरज नव्हती.”

“दाखल्याचं राहू द्या. मी पाण्याचं विचारतोय.”

“हा पोरगा शाळेतून पळालेला आहे, कप्तान!”

“पळाला नाही,” दारातून मामा म्हणाले. “बापाच्या छातीने दगा दिला म्हणून काढला. हवं तर मास्तरांना विचारा.”

कप्तान म्हणाले, “बरं, शनिवारी तुम्ही येताय का बोटीवर? पोराने गादीसकट जागा दिलीय.”

“मला इथे कामं आहेत.”

“असणारच.” कप्तानांनी लेखणी घेतली, सही केली, टीपकागदाने टिपली. “आता माझं ऐका. माझा दोर चारशे मीटरचा आहे. त्याच्या एका टोकाला माझी अकरा माणसं असतात. दुसऱ्या टोकाला उलटणारी बोट मी बांधत नसतो. बादल्या खाली आल्या की मला बोलवा.”

शेजारच्या खोलीत मालक ब्लोकपूल होते आणि मधली भिंत पातळ आहे. ते आले तेव्हा त्यांच्या गळ्यात जेवणाचा रुमाल होता. “बारा दिवस? कप्तान, बारा दिवस मी कुठून आणू?”

“तीन,” मामा म्हणाले.

“काय तीन?”

“तीन दिवस, मालक. आज दुपारी हात घातला तर शुक्रवारी संध्याकाळी शेवटची बादली पोटात. शनिवारच्या भरतीला निघायचं. खिळी भाच्याच्या आहेत.”

मालकांनी गळ्यातला रुमाल काढला. मला म्हणाले, “अरे, मग हे आधी सांगायचं नाही का?”

मी कपाटाकडे पाहिले. नोटरीसाहेबांनी हात मागे नेऊन तिसऱ्या कप्प्यातून माझी सूचना काढली आणि मालकांपुढे ठेवली. तिच्यावर कॉफीच्या पेल्याचे गोल डाग होते, तीन.

इंजिनियरसाहेब म्हणाले, “असल्या कागदावर मी सही करणार नाही,” आणि टोपी घेऊन निघून गेले. कायद्याला दोन साक्षीदार लागतात. तेव्हा ओढबोटीवरचा स्वयंपाकी येल्ले याला बोलावले, आणि त्याने पहिले वाचन ऐकलेले नसल्यामुळे नोटरीसाहेबांना घसा ओला करून सगळे पुन्हा वाचावे लागले. या वेळी मालकांनीही उभ्याने ऐकले. येल्लेला मनुकांच्या पावाचा भाग आवडला. सही करताना तो मला म्हणाला, “लग्न करून टाक. पाव फेकून मारणारी बाई परत मिळत नाही.”

सबब पुढीलप्रमाणे बदल करतो.

पाचवे कलम दुरुस्त करण्यात येत आहे. श्रीयुत एडेलबर्ट फान हेमर्ट यांनी सही न केल्यामुळे ते आता या मृत्युपत्राचे साक्षीदार नाहीत आणि कायद्याची आडकाठी दूर झाली आहे. तरी वडिलांची काठी, कडे व जाळीसह, त्यांना देण्यात यावी. माझ्या मृत्यूची वाट पाहू नये. आजच, त्यांच्या घरी, आईच्या हस्ते पोहोचवावी आणि पोच घ्यावी. ती वापरायला शिकणे अवघड नाही. ओहोटीला, होडीत उभे राहून, दोन्ही हातांनी सैल धरायची आणि ती गप्प कुठे होते ते ऐकायचे. एवढे वडिलांनी मला सातव्या वर्षी शिकवले होते.

खिळीला नाव काय द्यावे, असे मालकांनी जाताना विचारले. गोदीला हवे ते द्यावे. मी नवव्या कलमात पाटीविषयी जे लिहिले तेवढे सोडून इतर पाट्यांशी माझे भांडण नाही.

हे लिहीत असताना खिडकीबाहेर पहिली बादली सुटली. दर खिळीला घाव चारच पडले. मी मोजले.

मृत्युपत्र करणार: क्राइन डोंकरस्लोट

साक्षीदार पहिला: वोल्फर्ट, ओढबोटीचे कप्तान. पूर्ण ऐकले.

साक्षीदार दुसरा: येल्ले, स्वयंपाकी. पूर्ण ऐकले.

माझ्यासमक्ष, दोनदा वाचून: नोटरी, स्लीद्रेख्त

ठिकाण: गोदीची कचेरी, स्लीद्रेख्त. मंगळवार, १३ ऑक्टोबर १८९६.

सोबत जोडलेली पोच, वेगळ्या अक्षरात:

काठी मिळाली. पावणेदोन मीटर बरोबर आहे.
ए. फान हेमर्ट
शुक्रवार, १६ ऑक्टोबर, ओहोटीच्या वेळी.